हॉकीच्या दुसऱ्या दिवशीची शर्यत

(या भागाचं शब्दांकन. बोली शक्यतो तशीच ठेवली आहे.)

गोराईतून बोलतोय. मागे होडीच्या इंजिनाचा आवाज येतोय, तो सांभाळून घ्या. खाडीकाठी शांत खोली मिळणं कठीण.

रविवारी पहाटे भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने आमच्याकडे सायकलवाल्यांची रांग येते. त्यांच्यात अनेकांनी २०० किलोमीटरची ब्रेव्हे केलेली असते. साडेतेरा तासांत संपवायची असते ती. मीही केली, म्हणजे सुरू केली. दुसरं पंक्चर झालं, जवळची ट्यूब संपलेली, शेवटी सायकल टेम्पोत टाकून घरी आलो. निकालात नावापुढे ‘डीएनएफ’. म्हणजे पूर्ण केली नाही. तेव्हापासून मला निकालाच्या यादीत तळाची नावं वाचायची खोड लागली. आजची गोष्ट त्या खोडीतूनच सापडली.

१२ ऑगस्ट १९४८. लंडनमध्ये वेम्बलीला आपण हॉकीच्या अंतिम सामन्यात ब्रिटनला ४-० ने हरवलं. हे सगळ्यांना पाठ आहे. पण दुसऱ्याच दिवशी, १३ ऑगस्टला, विंडसर ग्रेट पार्कमध्ये ऑलिंपिकची रोड सायकल शर्यत झाली. १७ फेऱ्या, जवळजवळ १९५ किलोमीटर. म्हणजे आपल्या ब्रेव्हेएवढंच अंतर!

युद्ध संपून तीनच वर्षं झालेली. ब्रिटनमध्ये रेशन चालूच होतं. नवीन स्टेडियम बांधलं नाही, खेळाडूंना हवाई दलाच्या छावण्यांत आणि कॉलेजांत उतरवलं. जर्मनी आणि जपानला बोलावणंच नव्हतं.

आता निकाल ऐका. पहिला फ्रान्सचा जोसे बेयार, दुसरा नेदरलँड्सचा, तिसरा बेल्जियमचा. तिन्ही देश चार-पाच वर्षांपूर्वी जर्मन फौजांच्या ताब्यात होते. नेदरलँड्समध्ये तर जर्मनांनी लोकांच्या सायकली जप्त केल्या होत्या. रबर मिळेना, तेव्हा लोक टायरशिवाय किंवा लाकडी चाकांवर सायकली चालवत होते. मग हेच देश पुढे कसे?

मला उत्तर असं दिसतं. बेल्जियममध्ये ताबा असतानाही ‘टूर ऑफ फ्लँडर्स’ दरवर्षी होत राहिली. फ्रान्समध्ये ‘पॅरिस-रुबे’ १९४३ मध्ये पुन्हा सुरू झाली. युद्धाने रस्ते फोडले, पण शर्यतीची सवय फोडली नाही.

आणि आपण? त्या खेळांतल्या भारताच्या सायकल पथकातली ही काही नावं बघा: आदी हावेवाला, होमी पवरी, एरच मिस्त्री, जहांगू अमीन, रोहिंटन नोबल, रुसी मुल्ला फिरोज. नावं ऐकूनच मुंबई डोळ्यांसमोर येते ना? पदक मात्र एकही नाही.

दम कमी होता म्हणावं, तर याच मुंबईतून १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले होते. तेही एका महायुद्धानंतर पाचच वर्षांनी. त्यांतले हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. सुमारे ७० हजार किलोमीटर. अंतराची आपल्याला भीती कधीच नव्हती.

पण अंतर वेगळं आणि वेग वेगळा. बेयारने ते अंतर सव्वापाच तासांच्या थोडं वर घेऊन संपवलं. ताशी ३६ किलोमीटरच्या पुढे. ब्रेव्हे ताशी १५ ने पार पडते! एवढ्या घोळक्यात, त्या वेगाने, कोपराला कोपर लावून चालवायला दर रविवारी शर्यत लागते. ती घरी बसून येत नाही. सांघिक निकाल तर पहिल्या तिघांच्या वेळांची बेरीज करून लागायचा, म्हणजे एकटा शूर असून भागत नाही.

स्वातंत्र्याला वर्ष पुरं व्हायला दोन दिवस होते. हॉकीवाल्यांच्या मागे कितीतरी वर्षांचा सराव होता, ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं होती. सायकलवाल्यांच्या मागे तसं काही नव्हतं. खाशाबा जाधव त्याच खेळांत सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. कारण मागे तालीम होती. त्यांना दुसरी संधी मिळाली तेव्हा ती वापरता आली.

म्हणून म्हणतो, तळाची नावं वाचा. तिथे माणसाची हार कमी आणि त्याच्या मागे काय नव्हतं, हेच जास्त लिहिलेलं असतं. माझ्या मागे एक जादा ट्यूब नव्हती, एवढंच!

यंदा दोन घेऊन निघतोय. गोराईला आलात तर हाक मारा. भेटू पुढच्या भागात.