विद्येचे दार



शिक्षणाचे मूळ स्वरूप काय, यावर बोलण्याची आज्ञा आपण आम्हांस केलीत. व्याख्या पुस्तकांत पुष्कळ आहेत. आम्ही ग्वाल्हेरच्या गाण्याकडे वळतो. पेशाने शाळामास्तर असलो तरी या गावी राहून गाण्याशिवाय बोलणे पुरे होत नाही.

एकोणिसाव्या शतकात शिंदे सरकारच्या दरबारी हद्दू खाँ व हस्सू खाँ हे बंधू ख्यालगायक होते. गाणे त्या काळी घरची ठेव समजत. ती मुलाला द्यावी, बाहेर जाऊ देऊ नये. या भावांनीही बडे महंमद खाँचे गाणे पडद्याआडून ऐकून उचलले, अशी आख्यायिका आहे. खरेखोटे खुदास ठाऊक! पण विद्या कुलुपात ठेवली की ती चोरूनच शिकावी लागते.

पुढे हस्सू खाँनी वासुदेवबुवा जोशी यांस शिकविले. वासुदेवबुवांकडून ती विद्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. इकडे निसार हुसेन खाँनी शंकर पंडितांस तालीम दिली. खाँसाहेब राहत ते पंडितांच्याच घरी. पंडितांचे चिरंजीव कृष्णराव यांनी १९१४ साली येथे विद्यालय काढले, आणि १९१८ साली माधवराव महाराजांनी भातखंड्यांच्या साहाय्याने माधव संगीत विद्यालय सुरू केले. घरची ठेव गावची झाली. समाजासाठी शिक्षण जे करते, ते हेच, असे आम्ही समजतो.

मात्र वर्ग आला तशी घंटा आली, परीक्षा आली. उस्ताद समोर बसून चुकलेला सूर तेथल्या तेथे धरीत. चाळीस मुलांच्या वर्गात ते कसे जमावे? आमच्या शाळांचेही तेच आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला, २०१० च्या १ एप्रिलपासून लागू झाला. दार उघडले, ही मोठी गोष्ट. परंतु आत आलेल्या मुलाशेजारी बसणारे माणूस कायद्याने मिळत नाही. बेरजेत हातचा कोठे राहिला, हे बोट ठेवून दाखविणारे कोणी नसले, तर ते मूल वर्षभर वर्गात असूनही बाहेरच राहते.

आपला ट्रस्ट दरसाल पहिल्या आलेल्या मुलांस बक्षिसे देतो. टाळ्या आम्हीही वाजवितो. पण त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी वही पाहणारे कोणी ना कोणी असते. ज्याच्या घरी तसे कोणी नाही, त्या मागच्या बाकावरच्या मुलासाठी ट्रस्टच्या खोलीत सायंकाळी दोन तास दिवा लागावा, अशी आमची विनंती आहे. मुले थोडीच घ्यावीत, एका शिक्षकाच्या नजरेत मावतील इतकी. ती कोणत्या घरची, हे विचारू नये. वासुदेवबुवांच्या वेळी ते आड आले नाही.

आठवड्यातून तीन दिवस आम्ही येऊ. उरलेल्या दिवशी कोण येणार, त्यांची नावे चिटणीसांनी आजच लिहून घ्यावीत.