फेफऱ्याचे औषध आणि रोग्याचे जीवनमान
(महोत्सवी सभेतील भाषण)



आपल्या ट्रस्टच्या औषध-साहाय्याच्या वहीत फेफऱ्याच्या रोग्यापुढे दोनच रकाने आहेत : गोळ्या किती दिल्या आणि झटके किती आले. आम्ही पडलो शाळामास्तर. गुण मोजण्याचाच आमचा पेशा. त्या वहीत तिसरा रकाना असावा, एवढेच मागणे घेऊन आम्ही उभे आहोत.

औषधाच्या गुणाविषयी वाद नाही. फेनोबार्बिटोन १९१२ पासून व फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. योग्य औषध नियमित घेतले तर सुमारे दोनतृतीयांश रोग्यांचे झटके थांबू शकतात. चप्पल आणि कांदा हुंगवण्यापेक्षा हे केव्हाही बरे! परंतु झटका थांबला की सारे आलबेल, हे खरे नव्हे. फेनोबार्बिटोनने सुस्ती येते, फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, हात कापतात. गर्भातील बाळासही त्यापासून धोका असतो. शेवटच्या बाकावर पेंगणारा मुलगा आळशी ठरतो, आणि सकाळची गोळी कोणी विचारात घेत नाही.

हे मोजावे कसे? अमेरिकेत १९९५ साली ८९ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिच्यातूनच पुढे ३१ प्रश्नांची आटोपशीर प्रश्नावली निघाली. झटक्याची धास्ती, मनाची अवस्था, उत्साह की थकवा, स्मरण व लक्ष, औषधाचा जाच, चारचौघांतील वावर आणि एकंदर जीवन, अशी तिची सात अंगे. गुण शून्य ते शंभर; जास्त ते चांगले. अकरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी ४८ प्रश्नांची निराळी आहे. लिव्हरपूलच्या यादीत तर केवळ औषधाचे एकोणीस त्रास विचारतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ही यादी सर्व रोग्यांनी भरली, पण काहींचीच डॉक्टरांना दाखविली. ज्यांची दाखविली त्यांच्या औषधांत अधिक फेरबदल झाले आणि त्यांचा त्रास अधिक कमी झाला. त्रास सर्वांनाच होता; डॉक्टरांच्या नजरेस आणला तेव्हा त्यावर उपाय झाला.

मात्र परक्या मुलखाचे प्रश्न जसेच्या तसे चालणार नाहीत. तेथे मोटार हाकण्याविषयी विचारतात. आपल्याकडे मुलीच्या लग्नाविषयी विचारावे लागेल. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली घातलेला फेफऱ्याचा अडसर १९९९ मध्ये निघाला, परंतु घरोघरचा निघालेला नाही, आणि आमच्या मुसलमान घरांतही लपवालपवी काही कमी नाही. म्हणून मुलीचे उत्तर आईने देऊ नये. मुलीला एकटीला विचारावे. रमजानात गोळीची वेळ चुकते काय, हेही विचारावे. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, हे ठाऊक असूनही पुष्कळजण संकोचाने बोलत नाहीत.

एक ताकीद मात्र हवी. गुण कमी आले म्हणून कोणी आपल्या मनाने गोळी सोडू नये. एकाएकी सोडल्यास झटक्यामागून झटके येऊन जिवावर बेतू शकते. भरलेला कागद डॉक्टरांपुढे ठेवावा आणि फेरबदल त्यांनीच करावा.

दर तीन महिन्यांनी औषध-वाटपाच्या दिवशी बसून प्रश्न वाचून दाखविण्यास आमच्या शाळेतील चार शिक्षक तयार आहेत. कागद, पेन्सिली आणि आडोशाची एक खोली ट्रस्टने द्यावी.