वास उडू देऊ नका

गवती चहा, तुळस, पुदिना आणि आलं घरी कसं लावायचं आणि त्यांचा चहा कसा करायचा, हा आजचा विषय. सुरुवात मात्र करतो खानदेशातल्या एका जुन्या धंद्यापासून.

आपल्याकडे एके काळी रोशा गवताचं तेल निघायचं. १८८० सालच्या खानदेश गॅझेटिअरमध्ये त्याची नोंद आहे. पिंपळनेर, नंदुरबारकडच्या भागात मोठ्या भांड्यात गवत कोंबत, पाणी घालत, तोंड घट्ट बंद करत आणि खाली जाळ लावत. वाफ नळीतून थंड भांड्यात उतरली की पाण्यावर तेल तरंगे. हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. आपला गवती चहा हा या रोशाचा चुलतभाऊ. भट्टीवाल्याला पक्कं माहीत होतं की गवताचा वास वाफेबरोबर निघून जातो, म्हणून तो तोंड बंद ठेवायचा. आपण मात्र उघड्या पातेल्यात पाती खळखळ उकळतो. घरभर सुगंध सुटतो, पण कपात फार थोडा उरतो.

आता लागवडीकडे वळू. गवती चहाला बी शोधू नका. जुन्या ठोंबाचे मुळासकट फुटवे वेगळे करायचे, वरची पाती छाटायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला ते लावायचे. दोन ठोंबांत दीड-दोन फूट अंतर हवं. पहूर, जामनेरकडच्या काळ्या जमिनीत पाणी साचलं की मूळ कुजतं, म्हणून लागवड उंचवट्यावर करा. मोरीच्या पाण्यावर तो फोफावतो खरा, पण साबणाचं पाणी त्याला नको. साधारण तीन महिन्यांनी पहिली कापणी घ्या आणि कापताना जमिनीपासून वीतभर बुंधा राखा. रोप आणताना एक पात चुरगळून पाहा. लिंबासारखा वास आला तर तो गवती चहा. साबणासारखा उग्र वास आणि बुडाशी लालसर दांडा असेल तर ते बहुधा सिट्रोनेला, म्हणजे डास पळवणारं गवत. ते प्यायचं नाही.

तुळशीच्या मंजिऱ्या वेळीच खुडल्या की पानं येत राहतात. पुदिन्यासाठी बाजारच्या जुडीतल्या चार जाड काड्या पुरतात. त्या पाण्यात ठेवून मुळं फुटली की कुंडीत लावा. मात्र आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा कुंडी सावलीत सरकवा. आल्याचा डोळा असलेला तुकडाही कुंडीत रुजतो. पानं साठवायची असतील तर सावलीत वाळवा. कडक उन्हात तेल उडून जातं आणि हाती नुसता पाला राहतो.

चहा करताना एक भेद ध्यानात ठेवा. आयुर्वेदात यासाठी तीन रीती सांगितल्या आहेत. कठीण मुळं, साली, सुंठ उकळून आटवायची, तो काढा. कोवळी पानं गरम पाण्यात भिजवून गाळायची, तो फांट. आणि थंड पाण्यात रात्रभर भिजवायचं, तो हिम. म्हणून तुळस-पुदिन्यासाठी पाणी उकळा, गॅस बंद करा, मग पानं टाका आणि पाच-सात मिनिटं झाकून ठेवा. गवती चहाची पात चिवट असते. कपाला दोन-तीन पाती बारीक कापून, झाकण ठेवून दोन मिनिटं मंद आचेवर ठेवा. वैशाखात बडीशेप आणि पुदिना रात्री पिण्याच्या गार पाण्यात भिजवून सकाळी गाळून प्या.

दुधाच्या चहात आलं घालताना ते आधी पाण्यात चांगलं उकळा. कच्च्या आल्यातलं एक विकर दुधातली प्रथिनं फोडतं, त्यामुळे दूध फाटतं. उकळीने ते निकामी होतं.

आणि हो, बेताने प्या. २०२० मध्ये करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्यायला सांगितला होता. काही घरांत तो दिवसभर चालला आणि पोटात आग पडली. ज्येष्ठमध रोज घेतल्याने रक्तदाब वाढू शकतो. अडुळसा गरोदर बायांनी टाळावा. ताप उतरत नसेल तर चहावर विसंबू नका, दवाखाना गाठा.

मृगाचा पाऊस पडला की शेजाऱ्याकडून गवती चहाचा एक ठोंब मागून आणा. तो चांगला वाढला की तुम्हीही कुणाला तरी द्या. आणि पातेल्यावर झाकण ठेवायला विसरू नका.