वालाचे बी आणि मळवली स्टेशन
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'तुला आवडेल ते'. शाळेत असताना मला आवडेल ते बोललो की बाकावर उभे करत. आज स्टेजवर उभे केले आहे. प्रगती म्हणायला हरकत नाही.

मला आयुष्यभर दोन गोष्टींचा नाद. एक सिनेमा आणि दुसरी, जगात कुठे काय अजब सापडले याच्या बातम्या. जत्रेतल्या तंबूत पाहिलेल्या सिनेमावर वराळ्यापर्यंतच्या वाटेत आपण किती भांडायचो! मला मात्र तेव्हा पक्के वाटायचे की अजब असे जे काही आहे ते लंडनला, अमेरिकेला, फार तर मुंबईला. आपल्याकडे काय, भाताची खाचरं, इंद्रायणी आणि पाऊस.

हा समज मोडला तो उशिरा, आणि तोही घराजवळच.

तळेगावहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसलो की वडगाव, कान्हे, कामशेत आणि मग मळवली. आपण तिथे उतरलो ते भाज्याची लेणी पाहायला, लोहगड चढायला. पण याच मळवलीला राजा रविवर्म्याचा छापखाना होता. 1890 च्या दशकात तो मुंबईत निघाला आणि ते शतक सरता सरता इकडे आला. पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला.

आपल्या आजीच्या देव्हाऱ्यामागे कमळात उभी असलेली लक्ष्मी आठवते? मोर आणि वीणा घेतलेली सरस्वती? ती चित्रे ज्या छापखान्यामुळे घरोघरी पोहोचली, तो हा. छपाईची रीतही ऐकण्यासारखी आहे. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र उलटे काढायचे. दगड ओला केला की मोकळ्या जागेवर शाई धरत नाही, कारण तेल आणि पाणी एकमेकांना घेत नाहीत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकामागून एक सगळे रंग उतरवायचे. एक दगड केसभर सरकला तरी लक्ष्मीचे ओठ गालावर जायचे!

आता सिनेमाकडे येतो. या छापखान्यासाठी काम करणारा त्र्यंबकेश्वरचा एक माणूस होता. त्याने 1908 च्या सुमारास लोणावळ्यात स्वतःचा छपाईचा कारखाना काढला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. आपले दादासाहेब फाळके! पुढे ते दादरला गेले, भागीदारी मोडली, गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना वेड लागले. 1912 मध्ये ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ केले होते. पण लोणावळ्याचे नाव त्या उत्तरात कधी आले नाही, निदान माझ्या तरी.

फाळक्यांवर परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा 2009 सालचा चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. भारतातर्फे तो ऑस्करला गेला होता. आमच्या घरात त्यावरून दोन तट आहेत. सौ. म्हणतात, एवढी ओढाताण आणि सगळे हसण्यावारी नेले आहे. सरस्वतीबाईंनी दागिने गहाण टाकले, रात्र रात्र बसून फिल्मच्या पट्टीला भोके पाडली, ते काय गंमत म्हणून? मला चित्रपट फार आवडला, कारण त्यात फाळक्यांचा पुतळा केलेला नाही. पण सौ.चे म्हणणे खोटे आहे असे म्हणायची माझी हिंमत नाही, त्या समोरच बसल्या आहेत.

मी आज जे सांगायला आलो, ते आता सांगतो. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी पैसे उभे करण्यासाठी फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर वाटाण्याचा वेल जेमतेम मिनिटभरात वाढला. पाहणारे थक्क झाले आणि पैसे देणारा मिळाला. तिकडे इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी 1910 मध्ये फुले उमलताना अशीच टिपली होती. दोघांचे भांडवल एकच, रोज न चुकता पाहणे.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. कारण आपल्या विज्ञानाच्या सरांनी आठवीत आपल्याला हेच करायला सांगितले होते. काचेच्या ग्लासात ओला टिपकागद, कडेला वालाचे बी, आणि दहा दिवस रोज एक चित्र. आठवते ना?

सर, आपण पहिल्या रांगेत आहात. आज कबूल करतो. माझे बी तिसऱ्या दिवशी बुरशी येऊन गेले होते. दहाही चित्रे मी आदल्या रात्री एका बैठकीत काढली. आपण वहीवर 'छान' असा शेरा दिलात आणि चौथ्या चित्राशेजारी लाल शाईने एक बारीक प्रश्नचिन्ह काढलेत. मला वाटले, सुटलो.

गेल्या पावसाळ्यात नातीबरोबर मी तोच प्रयोग पुन्हा केला. यावेळी रोज पाहिले. आधी मूळ येते. नंतर कोंब येतो, पण ताठ येत नाही. मान वाकवून, कमान करून येतो, आणि उजेडात आल्यावर सरळ होतो. मी जुनी वही शोधून काढली. चौथ्या चित्रात माझा कोंब पहिल्यांदा आला होता, आणि तोही झेंड्याच्या काठीसारखा ताठ. मूळ पत्ताच नाही! सर, आपल्याला तेव्हाच कळले होते. चारचौघांत माझी लाज न काढता आपण एक प्रश्न ठेवून दिलात. उत्तर द्यायला मला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

मित्रांनो, मळवलीचा तो छापखाना 1972 मध्ये आगीत गेला. 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा आज पूर्ण मिळत नाही. चित्राखाली छापखान्याचे नाव सापडते, दगड घासणाऱ्या हातांचे सापडत नाही. आपल्या शाळेचेही असेच होईल. म्हणून एक विनंती आहे. घरी जाल तेव्हा वर्गाचा जुना फोटो काढा आणि मागे पेन्सिलीने सगळ्यांची नावे लिहा. घंटा देणाऱ्या शिपाईमामांचेही लिहा. ज्यांची नावे आठवणार नाहीत, त्यांच्यासाठी एकमेकांना फोन करा.

सर, ती वही मी आज बरोबर आणली आहे. अकरावे चित्र नव्याने काढले आहे, समोर पाहून. जमल्यास तपासून द्यावे.