इमारतीवर हवामानयंत्र बसवताना

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याने निघालो, की चिकलठाण्याचा विमानतळ मागे पडतो आणि थोड्याच वेळात शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. एकीकडे कारखान्यांची लांबच लांब छपरे, तर दुसरीकडे कापसाची नि मक्याची शेते. कारखान्यात पाळीवर जाणारा मनुष्य आणि शेतात राबणारा मनुष्य पुष्कळदा एकाच घरचे असतात. पावसाळ्यात सकाळी दोघांच्या तोंडी प्रश्न एकच असतो : रात्री पाऊस किती झाला?

हल्ली आपोआप नोंद करणारी हवामानयंत्रे बाजारात सहज मिळतात. आपल्या कारखान्यावर, ग्रामपंचायतीवर किंवा शाळेवर असे एखादे यंत्र असावे, असे कोणालाही वाटेल. पण कोणते घ्यावे? तुम्ही म्हणाल, दुकानदाराला विचारू आणि घेऊ. माझे सांगणे असे, की आधी जागा ठरवा आणि मग यंत्र ठरवा. कारण यंत्र कितीही भारी असले तरी ते जिथे उभे असेल तिथलेच हवामान सांगणार. ते गच्चीवर बसवले, तर गच्चीचे हवामान सांगेल.

याची एक जुनी गोष्ट आहे. १७६६ साली लंडनमध्ये विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरांनी तीन सारखी पर्जन्यमापके घेतली. एक बागेत जमिनीवर ठेवले, दुसरे घराच्या छपरावर आणि तिसरे वेस्टमिन्स्टर ॲबी या उंच चर्चच्या छतावर. वर्षाअखेर बेरीज केली, तेव्हा बागेत साडेबावीस इंचांहून थोडा अधिक पाऊस भरला, घरावर अठरा इंच आणि चर्चवर जेमतेम बारा इंच! आभाळ एकच, पाऊसही एकच. मग हा फरक कुठून आला? पुढे १८६१ साली जेव्हन्स यांनी त्याचा उलगडा केला. उंचावर वारा जोराचा असतो. तो भांड्याच्या काठाला आपटून वर उसळतो आणि थेंबांना भांड्यावरून पलीकडे उडवून नेतो. पाऊस कमी पडत नाही, भांड्यात कमी सापडतो.

म्हणून पहिला नियम असा, की पर्जन्यमापक जमिनीवर असावे. आपल्याकडे त्याचा काठ जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच ठेवण्याची रीत आहे. जवळचे झाड किंवा भिंत जितकी उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ते ठेवावे. चौपट मिळाले तर फारच उत्तम. कारखान्याच्या आवारात असा मोकळा कोपरा बहुधा सापडतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. उन्हाळ्यात पत्र्याला हात लावून पाहा, म्हणजे छपरावर तापमान का मोजू नये ते कळेल. तापमापक सावलीत, खेळत्या हवेत आणि जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर हवा. वेधशाळेत पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी असते, तिला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. तिचे दार आपल्याकडे उत्तरेला ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी ऊन थेट पाऱ्यावर येत नाही. लहान यंत्रात हेच काम पांढऱ्या बशांची उतरंड करते.

मग गच्चीवर काहीच लावायचे नाही का? लावायचे ना! वारा मोजायला उंचीच लागते. उघड्या मैदानात वाऱ्याचे यंत्र १० मीटर उंच खांबावर असावे असा जगभरचा दंडक आहे. इमारतीवर लावायचे तर ते कठड्याला बांधू नये, छपरापासून चांगले वर उंच खांबावर न्यावे. तिथला वारा गावच्या वाऱ्याशी जुळेलच असे नाही. पण पत्रे उडतील का, क्रेन चालवावी की थांबवावी, धूर कोणत्या वस्तीकडे जाईल, हे कारखान्याला त्यावरूनच कळते. मात्र वळवाच्या दिवसांत आपल्याकडे विजा पडतात, हे विसरू नका. खांबाला वीजरोधक आणि चांगली अर्थिंग हवीच. ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

हवेच्या दाबाचे यंत्र खोलीतही चालते. फक्त एक ध्यानात ठेवा. चिकलठाण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच आहे. त्यामुळे इथला मूळ दाब समुद्रकाठच्यापेक्षा साधारण साठ-पासष्ट मिलिबारने कमी भरतो. यंत्राला आपली उंची सांगितली नाही, तर ते रोजच वादळाची भीती घालील!

आता खरेदीकडे वळू. बाजारातल्या पुष्कळशा स्वस्त यंत्रांत वारा, पाऊस आणि तापमान मोजणारे भाग एकाच दांड्यावर जोडलेले असतात. दिसायला सुटसुटीत, पण दांडा वर नेला तर पाऊस चुकतो आणि खाली ठेवला तर वारा चुकतो. म्हणून ज्याचे भाग सुटे करून वेगवेगळ्या जागी लावता येतात, तेच यंत्र घ्यावे. दुरुस्ती जवळपास होते का, नोंदी आपल्यापाशी राहतात का, तपासणीचा दाखला मिळतो का, हेही विचारावे.

तपासणी घरीही करता येते. या यंत्रांत नरसाळ्याखाली तराजूच्या पारड्यांसारख्या दोन चिमुकल्या वाट्या असतात. एक भरली की कलते आणि एक टिपण होते. समजा, नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर आहे. त्यात २०० मिलिलिटर पाणी अगदी थेंब थेंब सोडले, तर यंत्राने १० मिलिमीटर पाऊस दाखवला पाहिजे. कमी दाखवला तर बहुधा आत लिंबाचा पाला, धूळ किंवा गांधीलमाशीचे घर सापडेल. शिक्षक मित्रहो, हा प्रयोग मुलांकडून करून घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे गणित मुले मग जन्मभर विसरणार नाहीत.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते. २०१७ पासून महावेध योजनेत मंडळामंडळांत स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, ती यासाठीही उपयोगी पडतात. पीक वाहून गेलेल्या माणसाला भरपाई मिळते की नाही, हे कधी कधी चार-पाच मिलिमीटरवर अडते. तुमच्या आवारातले यंत्र सरकारी मोजणीत धरले जात नाही, हे खरे. पण आपल्याकडचा पाऊस बैलाचे एक शिंग भिजवतो नि दुसरे कोरडे ठेवतो. अशा वेळी गावाने तलाठ्यापुढे किंवा तहसीलदारापुढे आपले म्हणणे मांडायचे, तर हाती वर्षानुवर्षांची खरी नोंद असलेली बरी. गच्चीवरच्या चुकीच्या आकड्याने मात्र आपलीच बाजू लंगडी पडते. चुकीच्या आकड्यापेक्षा कोरी वही परवडली.

शेवटी एक विनंती. यंत्र हजारोंचे असो की लाखाचे, त्याच्या शेजारी एक साधे हाताने मोजायचे पर्जन्यमापक ठेवा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे वेधशाळा मोजते त्याच वेळी, पाणी मोजा आणि वहीत लिहा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. जागा मोकळी सोडू नका. यंत्र कोठे व किती उंचीवर आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर नोंदवा. यंत्र बंद पडेल, विकत घेणारा साहेब बदलून जाईल, पण ती वही गावाच्या उपयोगी पडेल.