परिचारिकेची रांग आणि मालकाची सोय



परिचारिका परदेशी जाते ती डॉलरच्या मोहाने, तेव्हा तिच्या अडचणी हा तिचा खासगी मामला होय, असा एक समज आहे. तो तपासून पाहिला पाहिजे.

अमेरिकेचेच उदाहरण घ्यावे. तेथील श्रम खात्याने परिचारिकेचा व्यवसाय ‘शेड्यूल ए’ या यादीत घातला आहे. या कामासाठी देशात पुरेशी माणसे नाहीत हे सरकारनेच आगाऊ मान्य केले आहे, असा त्याचा अर्थ. आता दुसरी बाजू पाहावी. १९९० च्या कायद्यानुसार नोकरीवर आधारलेले कायम वास्तव्याचे परवाने वर्षाला सुमारे १,४०,००० आहेत. परिचारिका ज्या तिसऱ्या वर्गात मोडतात, त्याच्या वाट्याला त्यांतील सुमारे ४०,००० येतात. त्यातही एका देशाला साधारणतः सात टक्क्यांची मर्यादा आहे, आणि पती व मुले यांची गणनाही त्याच आकड्यात होते. परिणामी भारतीय परिचारिकेची प्रतीक्षा दहा वर्षांपलीकडे गेली आहे.

अमेरिकेतच शिकून पदवीधर झालेल्या परदेशी मुलीची स्थितीही निराळी नाही. शिक्षणानंतर तिला बारा महिने काम करता येते. अभियांत्रिकीच्या पदवीधराला मिळणारी चोवीस महिन्यांची वाढ तिला सहसा मिळत नाही. एच-१बी व्हिसासाठी त्या कामालाच विशिष्ट विषयातील पदवी आवश्यक असावी लागते. परिचारिकेचा परवाना तेथे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतरही मिळू शकतो. म्हणून सामान्य वॉर्डातील काम त्या व्याख्येत बसत नाही, असे ठरते. मुलगी चार वर्षे शिकली तरी काम ‘विशेष’ ठरत नाही!

तुटवडा तीव्र झाला की दार किंचित उघडते. १९८९ साली परिचारिकांसाठी खास कायदा झाला. १९९५ मध्ये त्याची मुदत संपली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला केवळ ५०० व्हिसा, तेही ठरावीक रुग्णालयांपुरते, दिले. २००९ मध्ये तोही संपला. तहान लागल्यावर विहीर खणायची आणि तहान भागताच ती बुजवायची, असे हे धोरण आहे.

या अनिश्चिततेचा लाभ कोणाला होतो? ज्याच्या अर्जावर व्हिसा अवलंबून असतो, त्या मालकाला व त्याच्या दलालाला. न्यूयॉर्कमधील एका शुश्रूषागृह समूहाने फिलिपिन्सहून आणलेल्या परिचारिकांच्या करारात, मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास २५,००० डॉलर भरावेत, अशी अट होती. २००६ साली काहींनी राजीनामे दिले, तेव्हा दहा परिचारिका व त्यांचा वकील यांच्यावर फौजदारी खटला भरण्यात आला. २००९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो थांबवला. पुढे एका परिचारिकेने सर्वांच्या वतीने दावा लावला. २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने ती अट म्हणजे बेकायदा दंड असून सक्तीच्या श्रमाविरुद्धच्या कायद्याचा भंग झाला आहे, असा निर्णय दिला. व्हिसाचा प्रश्न अखेरीस श्रमिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, हे येथे उघड झाले.

मग ही मुलगी देश सोडते का? २०११ साली मुंबई, दिल्ली व केरळमधील खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनी अल्प वेतन व जाचक बाँड यांविरुद्ध आंदोलने केली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने, पन्नासांहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान २०,००० रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली. ही किमान रक्कमही समितीला सांगावी लागली, यातच प्रश्नाचे उत्तर आहे. घरी बाँड आणि परदेशी करार. साखळी तीच, केवळ चलन बदलते.

सरकारला काही करता येत नाही, हे म्हणणे खरे नाही. आखाती देशांसह अठरा देशांसाठी परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी, असा नियम २०१५ साली केंद्राने केला. भरतीच्या नावाने होणारी लूट असह्य झाली होती, म्हणून तो आला. अमेरिका त्या यादीत नाही. तेथे जाणारीच्या करारातील दंडाचे कलम सही होण्यापूर्वी तपासण्याची व्यवस्था का असू नये? भरतीचा खर्च मालकानेच सोसावा, असा आग्रह दोन्ही सरकारांनी का धरू नये?

कार्यकर्त्यांपुढील काम यातूनच ठरते. परिचर्या महाविद्यालयांतील मुलींपर्यंत कराराची भाषा समजावून पोहोचले पाहिजे. येथील परिचारिका संघटनेचा तेथील कामगार संघटनेशी संबंध जोडला पाहिजे. आणि वेतनाचा लढा येथेही नेटाने चालवला पाहिजे. राहणे वा जाणे हा निर्णय परिचारिकेचा असावा. तो दलालाचा नसावा, आणि दारिद्र्याचाही नसावा.