एका विद्यालयाचें नांव

कोणत्याहि विद्यालयाचा इतिहास दोन ठिकाणीं लिहिलेला आढळतो: एक दरवाजावरील पाटीवर आणि दुसरा आंतील ढालींवर व चषकांवर. पाटी सांगते कीं विद्यालय कोणाच्या नांवानें उभें राहिलें. ढाली सांगतात कीं तेथील मुलांनीं काय मिळविलें. बहुधा हे दोन लेख एकमेकांस पूरक असतात. परंतु अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत, वॉशिंग्टन राजधानीच्या दक्षिणेस पोटोमॅक नदीच्या कांठीं अलेक्झांड्रिया नांवाचें जें उपनगर आहे, तेथील सार्वजनिक हायस्कुलांत हे दोन लेख अर्धशतकभर एकमेकांशीं भांडत होते. त्या भांडणाची ही हकीकत आहे.

अलेक्झांड्रियांत पूर्वीं गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि कृष्णवर्णी मुलांच्या वेगळ्या असत. कृष्णवर्णी मुलांसाठीं १९२० सालीं पार्कर-ग्रे ही शाळा निघाली. आरंभीं तेथें वरच्या इयत्ता नव्हत्या. ज्यास पुढें शिकावयाचें असे त्यानें नदी ओलांडून वॉशिंग्टनास जावें, अशी स्थिति होती. पुढें तेथेंच हायस्कूल झालें. या शाळेंतून अर्ल लॉइड हा बास्केटबॉलचा खेळाडू निघाला. ता. ३१ ऑक्टोबर १९५० रोजीं तो मैदानांत उतरला, तेव्हां राष्ट्रीय बास्केटबॉल संघांच्या सामन्यांत, म्हणजे एन्. बी. ए. मध्यें, खेळणारा तो पहिला कृष्णवर्णी खेळाडू ठरला. ज्या गांवानें त्याला गोऱ्या मुलांशेजारीं बाकावर बसूं दिलें नव्हतें, त्या गांवाचें नांव त्यानें देशभर नेलें.

१९५४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें वर्णभेदावर उभारलेल्या शाळा घटनाविरुद्ध ठरविल्या. व्हर्जिनियांतील पुढाऱ्यांनीं त्या निर्णयास निकराचा विरोध केला. अलेक्झांड्रियांत दीर्घकाळ शिक्षणाधिकारी असलेले टी. सी. विल्यम्स हे त्या विरोधकांपैकींच होते. आपल्या मुलांस गोऱ्यांच्या शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून न्यायालयांत गेलेल्या एका कृष्णवर्णी स्वयंपाकिणीस त्यांनीं शाळेच्या नोकरींतून काढून टाकलें. अखेर १९५९ च्या फेब्रुवारींत नऊ कृष्णवर्णी मुलें न्यायालयाच्या आज्ञेनें गोऱ्यांच्या शाळांत दाखल झालीं. १९६५ सालीं शहरानें नवें हायस्कूल बांधलें, त्यास नांव दिलें तें याच विल्यम्स यांचें! त्याच वर्षीं पार्कर-ग्रे हायस्कूल बंद झालें. कृष्णवर्णी मुलांस नवें दार उघडलें खरें, परंतु त्यांचें स्वतःचें घर मात्र मिटलें.

कायद्यानें मुलें एका छपराखालीं येतात. मनें येतात असें नाहीं. १९७० सालीं एका दुकानांत एक कृष्णवर्णी तरुण गोळी लागून मरण पावला आणि शहरांत दंगे उसळले. पुढच्याच वर्षीं शाळामंडळानें शहरांतील तीनही हायस्कुलांच्या वरच्या दोन इयत्ता विल्यम्स हायस्कुलांत एकत्र केल्या. तीन शाळांचे तीन फुटबॉल-संघ होते, त्यांचा आतां एकच करावयाचा होता. येथील फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लांबट चेंडू हातांत घेऊन, अंगावर येणाऱ्यांस रेटीत पुढें जाण्याचा तो दांडगा खेळ आहे. संघाचे मुख्य शिक्षक म्हणून हर्मन बून या कृष्णवर्णी गृहस्थांची निवड झाली. बिल योस्ट हे गोरे शिक्षक गांवांत अधिक जुने व लोकप्रिय होते. त्यांनीं मान राखून बून यांचा दुय्यम होण्याचें पत्करलें व संरक्षक फळी सांभाळली. १९७१ च्या मोठ्या मनाची ही एक गोष्ट म्हणून सांगावयास हरकत नाहीं.

ऑगस्टांत संघ सरावासाठीं गेटिसबर्ग येथील महाविद्यालयांत गेला. ज्या रणभूमीवर १८६३ सालीं अमेरिकेच्या यादवी युद्धांतील मोठी लढाई झाली, तेंच हें गांव. तेथें मुलांस वर्णाप्रमाणें नव्हे, तर मिसळून खोल्या दिल्या. ज्याच्याशीं पूर्वीं बोलणेंहि नसे, त्याच्याबरोबर रात्रीं झोपावें आणि सकाळीं त्याच्याच भरंवशावर धांवावें, असा तो नेम होता. टायटन्स या नांवानें खेळणारा हा संघ त्या वर्षींचे तेराहि सामने जिंकला. जॉर्ज मार्शल हायस्कुलाशीं झालेला सामना मात्र २१-१६ असा अटीतटीचा ठरला. डिसेंबरांत रोनोक येथें अँड्र्यू लुइस हायस्कुलाविरुद्ध २७-० असा विजय मिळवून त्यांनीं राज्याचें अजिंक्यपद घेतलें.

या यशावर २००० सालीं एक गाजलेला चित्रपट निघाला. त्यांत अंतिम सामना शेवटच्या क्षणीं जिंकलेला दाखविला आहे आणि प्रतिस्पर्धी शाळा केवळ गोऱ्यांच्या दाखविल्या आहेत. वास्तविक अंतिम सामना एकतर्फी झाला, आणि प्रतिस्पर्धी संघांतूनहि कृष्णवर्णी मुलें होतीं. खऱ्या गोष्टीस अलंकारांची गरज नव्हती.

विजयानंतर लौकरच संघाचा कर्णधार जेरी बर्टिअर मोटारीच्या अपघातांत कमरेखालीं पांगळा झाला. त्यानें खेळ सोडला नाहीं. चाकांच्या खुर्चींत बसून तो गोळा व थाळी फेंकूं लागला आणि स्पर्धांतून पदकें मिळवूं लागला. १९८१ सालीं दुसऱ्या एका अपघातांत त्याचा अंत झाला. संघाचे पुढचे दिवसहि सर्वच सोनेरी नव्हते. बून यांस खेळाडूंशीं कठोरपणें वागल्याच्या तक्रारींमुळें १९७९ सालीं पद सोडावें लागलें. बून व योस्ट, दोघेहि २०१९ सालीं निवर्तले.

या सर्व काळांत विल्यम्स यांचें नांव दरवाजावर कायम होतें. मौज अशी कीं जें त्यांना नको होतें, तें साधल्यामुळेंच त्यांचें नांव जगास ठाऊक झालें! २००७ सालीं नवी इमारत उभी राहिली, तेव्हां तिच्या बास्केटबॉलच्या मैदानास पार्कर-ग्रेच्या अर्ल लॉइडचें नांव देण्यांत आलें. व्यायामशाळेस बर्टिअरचें नांव मिळालें. आंत असे एकेक नांव लिहिलें जात होतें. बाहेरचें तेवढें राहिलें होतें. पुढें नागरिकांनीं व विद्यार्थ्यांनीं मागणी लावून धरली. २०२० च्या नोव्हेंबरांत शाळामंडळानें नांव बदलण्याचें ठरविलें आणि ता. १ जुलै २०२१ पासून विद्यालय अलेक्झांड्रिया सिटी हायस्कूल झालें. संघाचें टायटन्स हें नांव मात्र कोणीं बदललें नाहीं.

पाटी बदलावयास छप्पन्न वर्षें लागलीं. मुलांनीं मैदानावर तोच निकाल एका हिवाळ्यापूर्वींच देऊन ठेविला होता. वडील माणसें ठराव करण्यास उशीर लावतात, तेथें मुलें पुष्कळदां आधीं खेळूं लागतात. त्यांना एकत्र खेळूं देणें, एवढें तरी वडिलांनीं करावें.